पास म्हणण्याआधी

लिंबाची फोड पिळून झाली होती, तरी ती त्याच्या चिमटीतच होती — रस बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, नखाजवळच्या चिरेत चुरचुरला, म्हणजे लिंबू खरं होतं. पण बोटं नाकाशी नेली तर तिथे काहीच नव्हतं. त्याने फोड ताटलीच्या कडेला ठेवली आणि हात पुसला.

"बाबा, सूप पास की फेल?" मुलीने समोरून विचारलं. सातवा महिना सरत आला होता तिचा. टेबलापासून हातभर लांब बसावं लागत होतं. तिच्या बाळंतपणासाठीच तो आणि बायको या परक्या देशात आले होते, आणि आज सुट्टी काढून ती दोघांना बंदर दाखवायला, म्हणजे खरं तर मासे खायला, घेऊन आली होती. डोहाळे तिचे, निमित्त आईवडिलांचं.

डावीकडे बसलेल्या बायकोने पहिला चमचा घेतला. मग त्याने आपला चमचा नाकाखाली धरला, डोळे मिटले, एक आखूड श्वास घेतला... बत्तीस वर्षं कोळंबीच्या कारखान्यात हेच केलं. उकडलेली कोळंबी नाकाशी धरून मधोमध मोडायची, एकच श्वास, आणि पास किंवा फेल. दुसरा श्वास घ्यायचा नाही. दुसऱ्या श्वासाला नाक खोटं बोलतं. दहा झाल्या की कोमट पाण्याने चूळ. त्याच्या एका शब्दावर अख्खा ट्रक परत जायचा. मालकसुद्धा त्याला नाकसाहेब म्हणायचे.

"पास," तो म्हणाला. मुलगी सूपवर तुटून पडली.

आठ महिन्यांपूर्वी ताप आला होता. तीन दिवसांत उतरला, जाताना वास घेऊन गेला. त्याने कुणाला सांगितलं नाही. नाकसाहेबाला नाक नाही, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि नाकाबरोबर आणखीही काहीतरी गेलं होतं... धाकटा भाऊ वारला तेव्हा तो अंगणात खुर्च्या मांडत होता, आल्यागेल्याला पाणी विचारत होता. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! धीर कसला डोंबलाचा — आत घरात कुणी नव्हतंच. परवा विमानतळावर मुलगी गळ्यात पडली. तिच्या टाळूचा वास त्याला ती दोन दिवसांची होती तेव्हापासून पाठ होता. त्याने श्वास घेतला, वाट पाहिली. वास आला नाही. आनंदही आला नाही. मग त्याने बॅगा मोजल्या, चार होत्या.

दुपारी धक्क्याच्या कठड्यावर बसून तिघांनी तळलेला मासा खाल्ला. कागदातून तेल पाझरत होतं, वारा बायकोचा पदर ओढत होता. तिने आधी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, त्याने आपला तुकडा नाकाशी नेला, आणि म्हणाला, "पास." पुन्हा बरोबर. आठ महिने असंच चाललं होतं, दूध, आमटी, बाजारातले मासे — एकदाही चूक नाही. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, तसं काहीतरी असावं, असं त्याने मानून घेतलं होतं. खोलात शिरायचा कंटाळा आला होता.

संध्याकाळच्या आत शेवटचं म्हणून मुलगी त्यांना एका खानावळीत, खिडकीजवळच्या टेबलावर घेऊन आली. वाफवलेल्या शिंपल्यांची परात आली. वाफेनेही न उघडलेले, म्हणजे खराब, दोन शिंपले त्याने बाजूला काढले. तेवढ्याला डोळे पुरतात. बायको हात धुवायला उठून गेली.

"डॉक्टर म्हणाली, ताजे असतील तरच खा, नाहीतर बाळाला बाधेल," मुलगी म्हणाली. "दोन महिने मन मारलंय. पण तुमचं नाक असताना मला कशाला काळजी?" तिने एक शिंपला त्याच्या हातात दिला. "सांगा लवकर."

त्याने शिंपला नाकाशी धरला. एक श्वास. 'पास' जिभेवर आपसूक आलाच होता — आणि नजर डावीकडे गेली. रिकामी खुर्ची. बायकोच्या चष्म्याचं घर. आपण तिकडे का पाहिलं?

...सकाळी सूपचा पहिला चमचा तिने घेतला होता आणि हनुवटी जराशी खाली झाली होती. कठड्यावरही. घरी "अहो, या दुधाचा वास घ्या बरं" म्हणत ती शेगडीपाशी उभी राहायची, आणि हनुवटी... आठ महिने! तिला माहीत होतं. आठ महिने ती त्याचं नाक सांभाळत होती आणि शब्दाने बोलली नव्हती.

त्याने दुसरा श्वास घेतला. काही नाही.

"बाबा?" मुलीने काटा उचलला.

"थांब. आईला येऊ दे."

"आईला काय कळतंय त्यातलं!" ती हसली, काट्याने एक शिंपला जवळ ओढला.

"खाऊ नकोस!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. मुलीचा काटा जागीच राहिला. शिंपल्यातलं पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं. ओरडला होता तो स्वतःच. ही भीती आहे, हे कळायला त्याला क्षणभर लागलं. फार दिवसांनी दारात आलेल्या माणसाला ओळखायला लागतो, तेवढाच. जाऊ नकोस, तो त्या भीतीला मनात म्हणाला, बस जरा.

पलीकडून बायको पदराला हात पुसत येत होती. मुलगी आळीपाळीने दोघांकडे बघत होती. तिच्या देखतच त्याने शिंपला बायकोपुढे धरला.