पदराला बांधलेला प्रसाद

मार्थाचा देव मला पटत न्हाई, हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. आमी दोघी ताडकळसच्या शाळंत एका बाकावर बसलेल्या. ती ख्रिस्ती, मी शेतकऱ्याची लेक, पण भाकरी एकाच डब्यातली.

माझे मालक दत्तराव परभणीच्या दवाखान्यात. उद्या काळजाचं आपरेशन. ते म्हणले, "धुरपते, सगळ्या देवांचा परसाद आणलास, मार्थाच्या देवाचा तेवढा राहिला. तो आण, मग मी बिनघोर आत जातो."

मी मार्थाला उठवलंच आन तिच्यासंगं तिच्या चर्चात गेले. ईस्टरच्या आधीचे तिच्या उपासाचे दिवस चालू होते. चर्च निजामाच्या काळातलं, दगडी, हातभर रुंदीच्या भिंती. आत बघते तर सगळ्या मूर्ती जांभळ्या कपड्यानं झाकलेल्या.

"अगं बया, देवाला गिऱ्हान लागलंय का काय?"

"ईस्टरपर्यंत झाकतेत. गप बस. आन मी रांगंत गेले तर तू उठू नको."

का उठू नको, ते काई सांगितलं न्हाई बयेनं. रांग लागली, मार्था पुढं गेली. माझा जीव ऱ्हाईल का? परसादाच्या रांगंतून कुणी कुणाला उठवतं व्हय? मी शेवटाला उभी ऱ्हायले. फादर काईतरी म्हणले, मी "व्हय" म्हणलं आन तीर्थाला धरतेत तशी ओंजळ धरली. पांढरी पातळ चकती हातावर पडली. ती कपाळाला लावली आन पदराच्या टोकाला गाठ मारली.

फादरचा चेहरा उतरला. "बाई, तुम्ही ख्रिस्ती आहात का?"

"न्हाई."

"मग ते परत द्या. बाहेर नेता येत नाही. आमच्यासाठी तो साक्षात परमेश्वर आहे."

"मग तर न्यायलाच पाहिजे! माझं माणूस दवाखान्यात पडलंय."

सगळं चर्च माझ्याकडं बघायलं. एक म्हातारा दारात आडवा उभा ऱ्हायला. मी गाठ मुठीत घट्ट धरली. मार्था पळत आली आन माझं मनगट धरलं.

"धुरपते, दे."

"तू बी त्यांच्याच बाजूनं? माझा कुंकवाचा धनी मरायलाय आन तुझा देव उंबरा ओलांडंना! लय मोठा देव तुझा!"

मार्था म्हणली, "राखेच्या बुधवारी उपास लागले, तवापासून मी एकच वेळ जेवायलेय. कुणासाठी? दत्तरावासाठी. आता हे तू नेलंस, तर मला इथं तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई. तरी न्यायचंच असंल तर ने."

तिनं माझं मनगट सोडलं.

"मला बोलली का न्हाईस गं?"

"उपास बोलून दाखवायचा नसतो."

मी गाठ सोडाय लागले, पण सुटंना. शेवटी दातानं सोडली. फादरनी ती चकती दोन्ही हातांनी घेतली आन तिथंच खाल्ली. मला रडू आवरंना. घरधन्याचं आता काय होईल, हेच डोक्यात.

दवाखान्यात दत्तरावांनी हात पुढं केला. खोटं बोलायचं ठरवून आले होते, जमलं न्हाई. सगळं सांगून टाकलं. मार्था दारातच उभी होती, आत यायला धजंना. त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणले,

"उद्या मी उठलो न्हाई, तरी हिला पोटभर जेवू घाल."