ड्रमोराची धुरी

सिंगापूरमधल्या आमच्या मरीन परेडच्या स्कॉच मंडळाचा नियम साधा होता. ज्या डिस्टिलरीची बाटली उघडायची, तिचा इतिहास आधी ऐकायचा. कथा झाल्याशिवाय प्रसाद नाही, तसंच. मंडळात पाच पुरुष, त्यातला एक माझा नवरा अंकुर. मी बरीच वर्षं त्यांना काजू तळून दिले आणि स्वयंपाकघरातून त्यांचे इतिहास ऐकले. बहुतेक जण खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवायचे आणि वर घसा खाकरायचे.

मला सभासद व्हायचंय असं मी सांगितलं, तेव्हा अध्यक्ष हेमचंद्र हसले. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यामुळे हसणंही तसंच. "वहिनी, पीटेड स्कॉच म्हणजे धुराचा मारा असतो, झेपेल का? एखादा इतिहास सांगून दाखवा, मग बघू."

बघू! मी ऑडिटर आहे, 'बघू'चा अर्थ मला चांगला कळतो. डोक्यात तिडीकच गेली. मला मंडळात खुर्ची हवी म्हणजे हवीच होती.

२०१६ मधल्या एका रविवारी दुपारी मंडळ आमच्या घरी जमलं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होत्या. त्यांच्या लेखी अंकुर रविवारी 'ऑफिसच्या मीटिंगा' करायचा. म्हणून सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मी मात्र कशाला आवाज दाबू?

"ड्रमोरा स्कॉटलंडच्या पश्चिमेला, एका उघड्याबोडक्या बेटावर आहे," मी सुरुवात केली. "झाडं नाहीत, आणि कोळसा बोटीने आणणं महाग. होती ती नुसती दलदल. त्यात हजारो वर्षं दबलेलं शेवाळ आणि गवत म्हणजे पीट. उन्हाळ्यात ते विटांसारखं कापायचं, वाळवायचं आणि जाळायचं. बार्ली भिजवायची, मटकीसारखे मोड आणायचे आणि त्या धुरावर सुकवायची. दाण्यात शिरलेला धूर मग निघत नाही."

बिशानहून आलेला सुबोध काजू खायचा थांबला. मला हुरूप आला.

"आधी शेतकरी चोरून गाळायचे, मग परवाना आला. पुढे मंदीत मालकाने कुलूप ठोकलं. पण गावाने पीट कापणं सोडलं नाही, घरच्या चुलींसाठी का होईना. खूप वर्षांनी भट्टी पुन्हा पेटली, तेव्हा कापणारे हात तयार होते. तिथल्या व्हिस्कीचा स्वभावही त्या बेटासारखाच आहे. आधी अंगावर येते, औषधासारखी, खाऱ्या वाऱ्यासारखी. धीर धरलात तर गोड होते."

मग मी मुद्दाम मागवलेला पीटचा तुकडा देवघरातल्या धुपाटण्यात पेटवला. इथेच चुकलं. खोली धुराने भरली, सहा पेले तसेच भरलेले राहिले आणि आतून खोकत खोकत आई बाहेर आल्या.

"अगं, कोणाच्या बाळाला धुरी देताय?"

आईंनी बाटली पाहिली, मग एकेक चेहरा पाहिला.

"आई, हे या लोकांचं आहे," अंकुर घाईघाईने म्हणाला. "मी नुसता ऐकत होतो."

"मी तर घेतच नाही, काकू. ॲसिडिटी," अध्यक्ष म्हणाले.

"माझा आज उपास आहे," तोंडातला काजू गिळत सुबोध म्हणाला. उरलेल्या दोघांनी जोरजोरात माना हलवल्या. चाळिशी उलटलेली माणसं, पण आई दिसल्यावर सगळी शाळकरी झाली!

"मग हे पेले कोणाचे?"

मीही नाही म्हटलं असतं तर सुटले असते, पण खुर्ची गेली असती.

"एक माझा आहे, आई. मी घेते. आणि मला या मंडळात यायचंय."

आई सरळ हेमचंद्रांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते गडबडून उठले, तशा त्या त्यांच्या खुर्चीत बसल्या.

"गाव पीट कापत राहिलं, तिथेच मी उठून बसले होते," त्या म्हणाल्या. "पण एक गोष्ट तू सांगितलीच नाहीस. भट्टी पुन्हा पेटवली कोणी?"

मी आनंदाने सांगायला तोंड उघडलं. आईंनी तेवढ्यात उरलेले पाचही पेले एकेक करून माझ्यापुढे सरकवले.

"हे कोणी घेत नाहीत म्हणतात. तुझ्याकडेच असू देत. अंकुर, या सगळ्यांना कोकम सरबत कर. थंडगार कर हो, यांना ॲसिडिटी आहे."

अंकुर मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला. हेमचंद्र भिंतीला टेकून उभे होते आणि डोळ्यांनी आपला पेला शोधत होते.

"सांगा अध्यक्षबाई," शेवटी ते हळूच म्हणाले, "भट्टी कोणी पेटवली?"

मी पहिला घोट घेतला आणि सांगायला लागले.