सैल बोल्ट

दुसऱ्याचं कौतुक ऐकताना तोंडभर हसायचं आणि आतून जळत राहायचं, हा रोग आपल्यापैकी किती जणांना नाही? पाट्या रंगवणाऱ्या मास्तरांना तो चांगलाच जडला होता. दुकानात उभी हयात गेली त्यांची, आणि बँकेची मोठी पाटी मालकाने दिली काल आलेल्या नव्या पेंटरला! वर मास्तरांनाच सांगितलं, सकाळी त्याला शिडी लावून द्या.

शिडी लावणाऱ्याने आधी स्वतः चढून पाहायचं, मगच दुसऱ्याने चढायचं, हा दुकानाचा दंडक होता. मास्तरांनीच तो घालून दिलेला.

संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी शिडीचा एक बोल्ट सैल करून ठेवला आणि ते बहिणीकडे गेले. ताई फौजदारी वकील. चहा पिता पिता त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, की शिडीचा बोल्ट सैल निघून कुणी पडलं तर दोष कुणाचा? ताई म्हणाली, अपघातच तो, फार तर निष्काळजीपणा. मास्तरांना हायसं वाटलं. मग जीभ सैल सुटली आणि ते नव्याच्या नावाने बोटं मोडू लागले. ताईने कप खाली ठेवला.

"उद्या शिडी कोण लावणार?"

"मीच."

"आणि आधी चढून बघणार?"

"नाही. बोल्ट मी आजच सैल करून आलोय," मास्तर म्हणाले.

"मग हा अपघात कसा रे? तू जळलास, ते तुझ्या मनात राहिलं असतं तर कायद्याने तुला विचारलंही नसतं. पण तू बोल्ट सैल केलास, आणि उद्या आपण चढायचं नाही हेही ठरवून बसलास. कोर्ट यालाच हेतू म्हणतं. त्याच्या घरचे याला काय म्हणतील, ते तूच ठरव."

मास्तरांचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ते सगळ्यांच्या आधी दुकानात पोचले, बोल्ट घट्ट आवळला आणि बँकेपुढे शिडी लावून स्वतः टोकापर्यंत चढले. खाली नवा मनापासून शिडी धरून उभा होता. ते पाहून मास्तरांना भडभडून आलं. उतरल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं.

नव्याने पाना मागून घेतला, एकेक बोल्ट स्वतः तपासला आणि वर चढला. पाटी सुरेख झाली. पण त्या दिवसापासून मास्तरांनी लावलेली शिडी तो पुन्हा तपासल्याशिवाय कधी चढला नाही.

मंडळी, मत्सर कुणालाही होतो. पण तो हातात उतरू लागला की थांबा. मास्तर वेळीच थांबले, तरी गेलेला विश्वास काही परत आला नाही.