तीन रेघा

मावशी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर सुपरवायझरकी जाणार आणि पुन्हा भांड्यांच्या हौदाशी उभं राहावं लागणार, हे रेस्टॉरंटच्या मॅनेजरने तिला फार गोड शब्दांत सांगितलं होतं.

"नियमच आलाय, मावशी. प्रत्येक शिफ्टला अन्नसुरक्षेचं सर्टिफिकेट असलेला सुपरवायझर पाहिजे. अभ्यास करा, होईल."

कशालाही 'होईल' म्हणायची त्याला सवय होती, म्हणून किचनने त्याचं नाव होईलसाहेब ठेवलं होतं. मोठ्या फ्रीजच्या दाराचं रबर दोन वर्षं फाटलेलं होतं. तेही होणारच होतं.

अकरा वर्षं मावशीने त्या हौदात हात घातले होते. कंबर अजून त्याची आठवण काढते. त्यामुळे तिने पुस्तक उशाशी घेतलं आणि ताईला परीक्षक नेमलं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघी एकाच खोलीत राहायच्या. रेस्टॉरंटमधून मावशीने आणलेला उरलेल्या चिकनचा डबा खात खात ताई प्रश्न विचारायची.

"कच्चं मांस कुठल्या खणात?"

"सगळ्यात खाली. वर ठेवलं तर थेंब पडतात."

"फ्रीज किती डिग्री?"

"पाचच्या आत."

"सगळं तर येतंय. मग नापास कशी होतेस गं?"

"पेपरात चार उत्तरं देतात, ताई. चारही शहाणी दिसतात."

प्रशिक्षण एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत होतं. भिंतीवर अजून वळणांच्या आणि थांबण्याच्या खुणा होत्या. चौदा सुपरवायझर होते. त्यांतले पाच झोपलेले, तिघे थंड हवेसाठी आलेले, उरलेले घड्याळाकडे बघणारे. शिकवायला एक निवृत्त इन्स्पेक्टर. सर बोलताना मध्येच उठून हात धुऊन यायचे, इतका त्यांचा विषयावर विश्वास.

तिसऱ्या परीक्षेला त्यांनी पेपरऐवजी प्रत्येकाला आपापल्या किचनचा थर्मामीटर आणायला सांगितला. काचेच्या वाडग्यात बर्फ आणि पाणी. त्यात काटा शून्यावर आला पाहिजे, इतकी साधी गोष्ट. इतरांचे काटे शून्याच्या आसपास घुटमळले. मावशीचा खाली गेला आणि शून्याखाली तीन रेघांवर थांबला. तिने तो काढला, पुसला, परत बुडवला. परत तीन.

"तुमचा खोटं बोलतो, मावशी," सर म्हणाले. "काय कराल?"

"डायलच्या मागचा नट पकडीत धरून काटा शून्यावर आणीन. आणि मग फ्रीजमधलं..."

"फ्रीजमधलं काय?"

"परत मोजीन."

"शाबास. पास." सर खुशीत आले. "इन्स्पेक्टर तरी काय करतो? तुमच्याच फ्रीजमधला थर्मामीटर वाचतो. आमचा सरकारी बिघडून कपाटात पडलाय."

वर्ग खो खो हसला. झोपलेले सगळ्यांत जास्त. मावशी हसली नाही. ती बेरीज करत होती. फ्रीजची नोंद रोज रजिस्टरमध्ये चार. चार आणि काट्याने खाल्लेले तीन, सात. आचाऱ्याच्या हातून थर्मामीटर पडला त्याला किती महिने झाले, हे तिला आठवेना, आणि आठवावंसंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नट फिरवला, काटा शून्यावर आणला, थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : सात. चारांच्या त्या लांबलचक रांगेत तो आकडा चुकून आत शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता.

"चिकन टाकायला पाहिजे, साहेब. क्रीमसुद्धा. आणि दाराचं रबर आजच्या आज."

होईलसाहेबांनी रजिस्टर शांतपणे वाचलं. "काल चार होतं. आज सात. मध्ये काय झालं? तुम्ही पास झालात. मग बिघाड कुणात झाला, मावशी?"

आचारी फिसकन हसला आणि लगेच कांदा चिरू लागला.

त्या दिवशी चिकन टाकलं नाही, शिजवलं. पुढच्या सकाळी थर्मामीटर उणे सहा दाखवत होता. साहेबांनी स्वतः पकड चालवली होती.

"उणे सहा," आचारी म्हणाला, "आणि दूध कॅनमध्ये डुचमळतंय. तिकीट लावून दाखवा, साहेब."

दुपारी इन्स्पेक्टर येणार होता. साहेबांनी मावशीपुढे बर्फाचा वाडगा ठेवला, शेजारी पकड.

"मला जमत नाही. तुम्हाला शिकवलंय. चारवर आणा."

"फ्रीज सात आहे, साहेब."

"करू की त्याचं. होईल. आधी हे." मग साहेब हळूच म्हणाले, "हौदावर माणूस घ्यायचाय अजून. मी बाहेरचा बघत होतो."

आवाजात राग नव्हता, हेच वाईट. मावशीने आचाऱ्याकडे पाहिलं. त्याला कांद्यात फार काम होतं.

तिने थर्मामीटर बुडवला. काटा स्थिर होईपर्यंत थांबली. सरांनी घाई करायची नाही असं सांगितलं होतं. नट पकडीत धरला. आधी शून्य. मग शून्याखाली एक रेघ. दोन. तीन. काटा केसभरही इकडेतिकडे नाही. किचनमध्ये इतकं नेमकं काम दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं.

इन्स्पेक्टर आला. भिंतीवरचं नवं सर्टिफिकेट त्याने उभं राहून वाचलं, फ्रीज उघडला, चार बघितलं, रजिस्टर चाळलं. कालचा सात होता तिथे आता पांढऱ्या शाईवर चार होता, साहेबांच्या अक्षरात.

"ही नोंद कुणाची?"

"माझी," मावशी म्हणाली.

"खाडाखोड टाळत जा. बाकी छान ठेवलंय." त्याने सही केली. तिच्याकडून सही घेतली.

संध्याकाळी ती रिकाम्या हाताने घरी आली आणि दोन अंडी उकडत ठेवली.

"आज डबा नाही?" ताईने विचारलं.

"नाही. यापुढे आणणार नाही."

"पास काय झालीस, लगेच तोरा! का गं, तिथलं काही बिघडलंय का?"

मावशी पाण्याला बुडबुडे येताना बघत राहिली. सर्टिफिकेटवर नाव तिचं, रजिस्टरवर सही तिची.

"नाही," ती म्हणाली. "चार आहे."

"चार?" पुस्तक ताईला आता पाठ होतं. "मग पाचच्या आत आहे की! उद्या आण डबा. उगाच वाया कशाला घालवायचं?"