नाण्यांवरचे डाग

मित्रांनो, मला नऊ खण आहेत आणि आज नऊच्या नऊ रिकामे आहेत. नाणी ठेवायची जुनी लाकडी पेटी मी. रिकामं झाल्याचं दुःख होतं का, असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. लाकूड वाळायला लागलं की आधी कुरकुरतं, मग कुरकुरायचंही थांबतं. माझं तसंच काहीसं झालं आहे.

मला पुस्तकबांधणी करणाऱ्या एका माणसानं बनवलं. गल्लीत सगळे त्यांना बाइंडर म्हणायचे. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. झिजलेली, चेपलेली, भोकाची, कुठल्या कुठल्या राजांची नाणी त्यांच्याकडे होती आणि ती सगळी एका पत्र्याच्या डब्यात कागदाच्या पुड्या बांधून पडलेली असत. नाण्यांना साजेसं घर हवं म्हणून बाइंडर वखारीत गेले आणि एकेक फळी नाकाशी धरून लाकूड निवडलं. वासाचं लाकूड असलं की कसर फिरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. चपटे नऊ खण, प्रत्येक खणात गोल खळगे, खळग्यांत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. ती त्यांनी दुकानातल्याच गोंदानं चिकटवली. खण असे घट्ट बसवले की मुंगीनं आत शिरायचं म्हटलं तरी वाट नव्हती. शेजारीपाजारी बघायला आले तेव्हा एकजण म्हणाला, ही पेटी आहे की राजवाडा? मी त्या दिवशी फुगले होते, आणि ते काही दमट हवेमुळे नव्हे.

बाइंडरांचा एक नियम होता. नाणं कडेनं धरायचं, तेही हातमोजा घालून. घामाचा हात लागला की नाणं गेलंच म्हणून समजा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्यांची बायको कपडे धुवायच्या कारखान्यात कामाला होती. तिचे हात कायम ओलसर असायचे, साबणाच्या वासाचे. सुट्टीच्या दिवशी नवरा मोजे चढवून बसला की ती चहाचा कप लांबच ठेवून म्हणायची, "एवढं मला जपलं असतंत तर मीसुद्धा अजून चकाकले असते हो." तेव्हा तेही हसायचे.

तिसऱ्या वर्षी पहिला डाग पडला. एका तांब्याच्या नाण्यावर काळपट ठिपका आला. पुढच्या महिन्यात शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी धरली. बाइंडर ते नाणं घेऊन खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी बायकोला हाक मारली. आवाज चढवला नाही.

"तू खण उघडला होतास?"

"मी हात लावलेला नाही."

"मग काय, आपोआप झालं?"

त्यांची लेक, चिमी, टेबलाशी अभ्यास करत होती. तिची पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मला पितळी कुलूप लागलं.

त्यानंतर त्यांची बायको मी ज्यात होते ते फडताळ पुसायची, पण माझ्या कडेपर्यंत फडकं आणून मागे घ्यायची. तिनं मला परत कधी पुसलं नाही. डाग मात्र वाढत गेले. नवीन डाग दिसला की बाइंडर जेवताना कुणाचं नाव न घेता बोलत. काही माणसांना सांगून उपयोग नसतो, वगैरे. ती ताट संपवून उठायची. अशी कितीतरी वर्षं गेली. घराला त्या बोलण्याची सवय झाली, जशी दाराच्या करकरीची होते. मग ती आजारी पडली आणि गेली.

मित्रांनो, त्यानंतरचं मला फारसं सांगता येत नाही. सुट्टीचा दिवस यायचा, कुलूप निघायचं, बाइंडर खण मांडीवर घेऊन बसायचे आणि तसाच परत लावायचे. डाग पडतच होते. आता त्या घरात ओल्या हाताचं कुणी राहिलं नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात आलं होतं का, देव जाणे. पण डागांविषयी ते अवाक्षर काढत नसत.

पुढे गावातल्या वाचनालयानं त्यांचा संग्रह काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं. नाणी कशी ठेवायची, कशी दाखवायची हे ठरवायला ग्रंथपाल आले आणि बरोबर संग्रहालयात जतनाचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. चिमीही आली. ग्रंथपालांचं म्हणणं, लिंबानं घासून लख्ख करू या.

"ही काय पातेली आहेत?" बाई म्हणाल्या. घासलं की नाण्याचं अंगच जातं, असं त्यांनी समजावलं.

मग त्यांनी माझा पहिला खण ओढला. नाणी बघायच्या आधी त्यांनी वास घेतला.

"काका, पेटी कुणी केली?"

"मी."

"काम सुंदर आहे. पण या लाकडाच्या वासातच आम्ल असतं. घट्ट खणात ते कोंडतं आणि धातू खातं. त्यात हा गोंद, ही लोकर."

बाइंडरांनी विचारलं, "हे हाताचे डाग नाहीत?"

"हाताचा डाग बोटाच्या आकाराचा असतो. हे बघा, सगळे खालच्या अंगानं आलेत. बनातीच्या बाजूनं."

मी नाण्यांना जपते आहे असं मला वाटत होतं. मी नुसता श्वास घेत होते आणि त्यानंच ती खराब होत होती. हे ऐकून मला काय वाटलं? काही नाही. लाकडाला एका झटक्यात काही वाटत नाही.

बाइंडर कुलपाकडे बघत राहिले. "तुझी आई खरं बोलत होती," ते म्हणाले.

"हो बाबा," चिमी म्हणाली. "पण एकदाच बोलली. नंतर तिनं सांगायचंच सोडून दिलं."

पुढचं काम बाईंनी भराभर ठरवलं. प्रत्येक नाण्याला पारदर्शक कडक डबी. मांडून उरलेली नाणी लोखंडी कपाटात. कपाटावर ऊन पडू द्यायचं नाही, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या. ग्रंथपालांनी सुचवलं की दर्शनी कपाटात स्वच्छ बाजू वर ठेवू, म्हणजे डाग कुणाला दिसायचे नाहीत. यात चूक काहीच नव्हती. बाईंनीही मान हलवली.

"डागाची बाजू वर ठेवा," बाइंडर म्हणाले.

"अहो, लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत."

त्यांनी स्वतः पुठ्ठा कापला. मजकूर मात्र चिमीला लिहायला सांगितला. ती लिहिताना मध्येच थांबली, पण त्यांनी एकही शब्द बदलला नाही. ती पाटी आजही त्या कपाटात नाण्यांखाली आहे:

'हे डाग पेटीमुळे पडले आहेत. पेटी मी केली. माझ्या पत्नीनं नाण्यांना हात लावला नव्हता. तिनं तसं सांगितलं होतं.'

पाटीवर साल आणि धातू लिहायची पद्धत असते, असं ग्रंथपाल पुटपुटले. मग त्यांनी पुन्हा वाचलं आणि पाटी सरळ करून ठेवली.

मला कुणी जाळलं नाही, की फेकलं नाही. मी चिमीकडे आहे. माझ्यात काय ठेवायचं हे तिचं अजून ठरलेलं नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू मनापासून जपत असाल तर अधूनमधून खण उघडा, वारा लागू द्या. आणि कधी डाग दिसला, तर जवळपास कुणाचे हात ओले होते हे शोधत फिरू नका. आधी पेटीचा वास घ्या.