सवतीची पावलं

मळकं सोनं मला बघवत नाही. बायका लग्नाला निघतात, साडीला दोनदा इस्त्री करतात आणि गळ्यातल्या हारात मागच्या वर्षीची पावडर तशीच बसलेली. आमच्या ब्राह्मणपुरी गावात कुणाकडे कार्य निघालं की दागिन्यांचे डबे माझ्याकडे येतात. सांगून सांगून माझी जीभ दुखली. टूथपेस्ट लावू नका, ओरखडे पडतात. मोती पाण्यात बुडवू नका. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, तिला कढत पाणी चालत नाही. कोमट पाण्यात रिठ्याची सालं भिजवायची, सोनं पंधरा मिनिटं त्यात ठेवायचं, मग लहान मुलांचा मऊ ब्रश, साधं पाणी, आणि वाळवायला मलमलीचं फडकं. बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन टूथपेस्टच लावतात.

माझ्या स्वतःच्या गळ्यात मात्र एक दागिना आहे, तो मी कुणाला हातात घेऊ देत नाही. रुपयाएवढी सोन्याची चकती, तिच्यावर उठावाची दोन पावलं, दहाही बोटं वेगळी दिसणारी. ती आशाची पावलं. आशा म्हणजे माझ्या नवऱ्याची, उमाकांतची, पहिली बायको. केळीच्या बागेत अनवाणी पाणी भरत होती, तिथं साप चावला. तेव्हा तिची मुलगी गायत्री दोन वर्षांची होती. आम्हा गुजर लोकांत बिजवराला दिलेल्या मुलीनं गेलेल्या सवतीची पावलं गळ्यात घालायची असतात. म्हणजे तिचा मान राहतो आणि तीही नव्या बाईला सुखानं नांदू देते. सासूबाईंनी आशाचंच कानातलं मोडून ही चकती घडवली होती.

सासूबाईंचं नाव सरलाबाई. बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की संपलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बजावलं.

"सोनारकडे पॉलिशले द्यानी नही, बोटं घसाई जातस. तुन्हाच हातघाई धुवानी. आनि वाळाले ठेवशी तवय बोटं दारकडे. घरकडे कधीच नही."

मी शहाद्याच्या कॉलेजात शिकलेली. मनात म्हटलं, सोन्याला काय दिशा कळते? पण नव्या घरात पहिल्याच आठवड्यात वाद कुठे घालायचा. धुतल्यावर मी बोटं दाराकडे करून ठेवत गेले.

मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती. गायत्रीनं मला मम्मी म्हणावं. दोन वर्षं तिचा डबा, तिचा अभ्यास, तिचे ताप, तिच्या उवा, सगळं मी केलं, आणि ती मला काकी म्हणायची. उमाकांत तिला दटावायचे तेव्हा मी मोठ्या मनाच्या बाईसारखी म्हणायचे, राहू द्या, लहान आहे. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. मोठं मन वगैरे काही नव्हतं, मला त्या पोरीचा रागही यायचा.

मग गेल्या वर्षीची धनतेरस आली. सकाळी मी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीनं लक्ष्मीची पावलं काढली. ती आत येणारी काढायची असतात, बोटं घराकडे. एकवीस जोड्या काढल्या. त्यानंतर पूजेत ठेवायचं सोनं धुवायला घेतलं आणि हाताला लागलेलं वळण तसंच चालू राहिलं. मलमलीवर सगळे दागिने मांडले, त्यांत आशाची पावलंही मांडली, बोटं घराकडे करून.

काम उरकलं आणि दुपारी दोनला माझा डोळा लागला. मला दुपारी झोपायची सवय नाही. जाग आली तेव्हा चार वाजले होते. मलमलीकडे बघितलं आणि आपण काय केलं ते लक्षात आलं. चकती उचलून गळ्यात घातली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी गायत्री अंगणातून धावत स्वयंपाकघरात आली. "मम्मी, भूक लागनी."

मी झारा हातात धरून उभीच राहिले. कढईतली करंजी करपली. मग तिला उचलून घेतलं आणि इतकी हमसून रडले की सासूबाई देवघरातून उठून आल्या. मला वाटलं, माझे दोन वर्षांचे कष्ट फळाला आले. त्या आनंदात मी बाकी कशाचा विचार केला नाही.

पंधरा दिवसांनी चकती पुन्हा धुवायला काढली. गळ्यातल्या सोन्यावर काय बसतं ते मला पाठ आहे. घाम, पावडर, साबण. त्या दिवशी वाटीच्या तळाशी काळी माती बसली. ब्रश फिरवला तशी बोटांच्या बेचक्यांतून आणखी निघाली. तिच्यात केसाएवढा एक मुळाचा तंतू होता. ब्लाऊजच्या आत राहणाऱ्या दागिन्यावर बागेतली माती कुठून येणार? मी पाणी तुळशीत न ओतता मोरीत ओतलं, आणि चकती वाळत न ठेवता तशीच पुसून गळ्यात घातली. पुढच्या वेळीही तसंच केलं; माती आणखी जास्त होती.

दुपारची झोपही सुटेना. बरोबर दोनला डोळे मिटायचे, चारला उघडायचे. एक दिवस उठून बघते तर गायत्री आरशासमोर उभी, पाठीवर वेणी. घट्ट, सुरेख, पाच पेडांची. मला तीन पेडांचीच येते.

"कोनी घाली वं ही येनी?" मी विचारलं.

"तूच घाली ना, मम्मी," ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली. "तुन्हा पाय किती गारेगार व्हतात."

मी हसून दाखवलं. ती खेळायला गेली तशी खाटेवर बसून पाय वर घेतले. माझ्या टाचांना कधी भेग पडली नव्हती. आता दोन्ही टाचा फुटल्या होत्या, जन्मभर शेतात अनवाणी चाललेल्या बाईच्या असतात तशा, आणि भेगांमध्ये ओली काळी माती होती. दोन ते चार मी झोपत नव्हते. मी कुठेतरी जात होते, किंवा मला कुणीतरी नेत होतं.

सासूबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून एवढंच विचारलं की पाच पेडांची वेणी आपल्याकडे कोण घालायचं. त्यांचे हात थांबले.

"बोटं कोनीकडे ठेयी व्हती तू?"

मी खरं काय ते सांगितलं. मला वाटलं त्या कडाडतील. त्या लसणाच्या पाकळीकडे बघत राहिल्या.

"दोन-तीन दाव मी तिले दखं," त्या म्हणाल्या. "तुन्हा अंगवर तुन्हंच लुगडं, पन चाल तिनी. पोरले मांडीवर लिसन बठेल व्हती. मन्हाघाई बोलवायनं नही. ती बी मन्ही सूनच व्हती ना." थोड्या वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चार दिन बोटं दारकडे करी ठेव. जाई ती."

मी चकती काढली, धुतली, आणि मलमलीवर बोटं दाराकडे करून ठेवली. त्या दुपारी मी टक्क जागी राहिले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले, आणि सगळा वेळ मी मीच होते.

दुसऱ्या दिवशी गायत्री शाळेतून आली आणि दारातच थबकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकी, पानी दे."

मी पाणी दिलं. ती प्यायली आणि बागेकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली. तिसऱ्या दिवशी तिनं शाळेतच जायला नकार दिला, दुपारी जेवली नाही, केस मोकळे सोडून तिथंच बसून राहिली. मी मोबाइलवर बघून पाच पेडांची वेणी शिकले होते. कंगवा घेऊन मागे बसले, अर्धा तास खपून वेणी घातली. तिनं ती शांतपणे सोडली, एकेक पेड करून.

"मम्मी कोठे गयी?" तिनं विचारलं.

मी तिच्या पाठीशीच बसले होते. मला काय झालं ते लिहिता येणार नाही. एवढं सांगते की दिवाळीपासून ज्या हाकेवर मी जगत होते ती माझ्यासाठी कधी नव्हतीच, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरीही मला ती हवी होती.

मला थांबता आलं असतं. पोरं विसरतात, वर्षभरात विसरली असती. सासूबाई हेच म्हणाल्या, आणि त्या बरोबर होत्या. पण मी हिशेब केला की दुपारचे दोनच तर तास आहेत. दोन तास तिचे, बाकीचा दिवस माझा, आणि माझ्या त्या दिवसभरात पोर मला मम्मी म्हणणार. चौथ्या दिवशी सकाळी मी मलमलीपाशी गेले. कुणी बघत नव्हतं. मी स्वतःच्या हातानं चकती फिरवली. बोटं घराकडे.

संध्याकाळी गायत्री माझ्या गळ्यात पडली. दोन पोळ्या जास्त जेवली.

त्याला आता तीन महिने झाले. हल्ली दोन तासांत भागत नाही. मला जाग येते तेव्हा घरात दिवे लागलेले असतात, मी न केलेला स्वयंपाक चुलीवर असतो, आणि उमाकांत माझ्याशी इतक्या मायेनं बोलत असतात की तसे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. सासूबाई मला काही विचारत नाहीत. ताटात वाढताना आधी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतात.

सकाळ तरी माझी आहे, असं मी धरून चालले होते. आज सकाळी आठ वाजता गायत्री शाळेला निघाली, दप्तर पाठीला लावून अंगणात गेली आणि तिथून तिनं हाक मारली, "मम्मी!"

मी ओट्याशी उभी होते, लख्ख जागी. ओ द्यायला तोंड उघडलं. माझ्या आवाजात, माझ्याच तोंडून ओ गेली, आणि मी अजून बोलले नव्हते.