गोड्या पाण्यात फुटलेले जीव

चाळीस मायक्रॉन लांबीचा तो एकपेशीय जीव शैवालाच्या कणापाशी थांबला, अंगावरच्या लवीने त्याने कण तोंडाकडे ओढला आणि गिळला. अकरा मिनिटांत सातवा. शैवालाला मी चमकणारा रंग दिला होता, त्यामुळे पोटातले सातही ठिपके मोजता येत होते. समुद्रावरच्या बर्फात खाऱ्या पाण्याच्या केसाएवढ्या नळ्या असतात. तिथे हे जीव राहतात आणि भर हिवाळ्यातही चरतात.

आठ वर्षांपूर्वी मी हेच सांगितलं होतं. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी ‘मोजणीत निष्काळजीपणा’ असा शेरा मारून माझं नाव वगळलं आणि हिवाळ्यात बर्फात चरणारं कोणी नसतं, असा शोधनिबंध नियतकालिकात छापला. त्यावर नावारूपाला आले. खरं तर त्यांनी घाईत बर्फ नुसताच वितळवला होता. त्यात आधी गाळलेलं समुद्राचं पाणी घालावं लागतं. नाहीतर पाणी गोडं होतं आणि नाजूक जीव फुटून जातात. मग शून्यच दिसणार. ताईच्या संसाराकडे बघून मी गप्प बसले आणि दातओठ खात त्यांचेच नमुने गाळत राहिले.

या आठवड्यात मी बर्फाची एक कांडी उभी चिरली. अर्धी त्यांच्या रीतीने वितळवली, अर्धी माझ्या. त्यांच्या बशीत शून्य, माझ्या बशीत तीनशे बारा. तीनदा मोजले. तिसऱ्यांदा गरज नव्हती, नुसतं बरं वाटलं म्हणून.

दुपारी भावोजी नव्या प्रकल्पाचे कागद घेऊन आले. बर्फ वितळवायची पद्धत जुनीच.

“मेहुणीबाई, सही ठोका. अजून भुतंच मोजताय का?”

“भुतं जेवायला बसलीत. बघा.”

ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग दुसरी बशी ठेवली. पुन्हा पहिली. मानेवर घाम आला. मी तो निवांत पाहिला.

“घरातलं घरात मिटवू,” ते हळू म्हणाले. “पुढच्या निबंधात तुझं नाव पहिलं.”

“आणि तो शेरा?”

“ताईचा तरी विचार कर.”

“आठ वर्षं तिचाच केला.”

कागद मी सही न करता त्यांच्यापुढे सरकवले.

“भावोजी, तुमचा निबंध चुकीचा आहे, असं मी आज संपादकांना कळवतेय. दोन्ही मोजण्या जोडून.”